खेळ तोच, दाम नवे

सप्टेंबर २०२४ मध्ये सोनीने प्लेस्टेशन ५ प्रो जाहीर केला. कंपनीचे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी एका छोटेखानी सादरीकरणात जुन्या आणि नव्या यंत्रावरची दृश्यं शेजारीशेजारी ठेवून दाखवली. फरक होता, पण तो कळावा म्हणून चित्राचा एखादा कोपरा मोठा करून दाखवावा लागत होता. किंमत ७०० डॉलर, त्यात डिस्क ड्राइव्ह नाही. हवा असेल तर ८० डॉलर वेगळे. घरातलं यंत्र ठणठणीत चालू असताना सुधारित आवृत्तीवर पैसे घालावेत का, हा प्रश्न तेव्हा पुन्हा एकदा निघाला. ‘ज्याचं त्याने ठरवावं’ हे त्याचं सोपं उत्तर आहे आणि तितकंच निरुपयोगी. या धंद्यात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत सुधारित कन्सोल आणि सुधारित गेम इतके निघाले आहेत की त्यावरून काहीतरी ठाम बोलता येतं. माझं म्हणणं असं आहे, की सुधारणा खेळणाऱ्याच्या वाटेतली एखादी खरी अडचण दूर करते तेव्हा तिचे पैसे वसूल होतात. नुसतं चित्र आणखी रेखीव करते तेव्हा सहसा होत नाहीत. आणि खोच अशी की अडचण दूर करणाऱ्या सुधारणा बहुतेकदा गुपचूप येतात, ढोल वाजतो तो रेखीवपणाचा.

एके काळी सुधारित कन्सोल म्हणजे स्वस्त झालेला कन्सोल असायचा. प्लेस्टेशन २ अमेरिकेत २००० साली ३०० डॉलरला आला, दोन वर्षांत २०० वर उतरला, २००४ मध्ये त्याची सडपातळ आवृत्ती निघाली आणि २००९ मध्ये तो १०० डॉलरला मिळू लागला. यात कंपनीचं औदार्य नव्हतं, चिप बनवण्याचं तंत्र होतं. काही वर्षांच्या अंतराने त्याच चिपमधले ट्रान्झिस्टर आणखी लहान करता येत. सिलिकॉनच्या एका चकतीतून जास्त चिप निघत, वीज कमी लागे, उष्णता कमी झाल्याने पंखाही लहान पुरे. आधी वेगवेगळे असलेले मुख्य प्रोसेसर आणि ग्राफिक्स प्रोसेसर सोनीने पुढे एकाच चिपमध्ये बसवले. खेळ तेच राहिले, पण ज्यांना आधी परवडत नव्हतं त्यांच्या घरी यंत्र पोचलं. प्लेस्टेशन २चा खप पंधरा कोटींच्या वर गेला, त्यात या उतरत्या किमतीचा वाटा मोठा.

निन्टेन्डोचं उदाहरण आणखी बोलकं आहे. २००१च्या गेम बॉय अॅडव्हान्सच्या पडद्याला स्वतःचा उजेडच नव्हता. खिडकीपाशी बसा, दिव्याखाली यंत्र तिरकं धरा, तरी अंधाऱ्या गुहेतला प्रसंग आला की आपलाच चेहरा काचेत दिसायचा. वर दोन पेन्सिल सेल लागत ते वेगळेच. २००३ मध्ये आलेल्या एसपी या आवृत्तीत घडी घालता येणारं अंग होतं, पडद्यावर उजेड होता आणि चार्ज होणारी बॅटरी होती. प्रोसेसर तोच, खेळ तेच. पण ते आता रात्री अंथरुणात आणि एसटीच्या प्रवासातही खेळता येऊ लागले. २०१९ मध्ये निन्टेन्डोने स्विचची चिप बदलली तेव्हा तर काही थाटमाट केलाच नाही. पूर्वी अडीच ते साडेसहा तास टिकणारी बॅटरी साडेचार ते नऊ तास टिकू लागली, किंमत तीच राहिली. हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी याहून मोठी सुधारणा कोणती? तरीही जाहिरात झाली ती दोन वर्षांनी आलेल्या, ५० डॉलर महाग ओएलईडी पडद्याच्या आवृत्तीची, जिच्या आतली ताकद जशीच्या तशी होती.

२०१६ च्या सुमाराला वारं फिरलं. चिप लहान करणं महाग होत गेलं, त्यामुळे सुधारित आवृत्ती स्वस्त करणं कंपन्यांना जड जाऊ लागलं. दुसरीकडे दुकानांत फोर-के टीव्ही दाखल झाले होते आणि त्यांना शोभेल असं काहीतरी विकायचं होतं. त्या नोव्हेंबरमध्ये प्लेस्टेशन ४ प्रो आला, पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स वन एक्स. दोन्ही तेव्हाच्या साध्या यंत्रांपेक्षा महाग आणि ताकदवान. आज तर उलटी गंगा वाहते आहे: २०२० मध्ये ५०० डॉलरला निघालेला साधा प्लेस्टेशन ५ पाच वर्षांनी स्वस्त व्हायचा, तर ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत त्याची किंमत ५५० झाली.

या महाग ताकदीतून हाती काय लागतं ते डोळ्यांच्या हिशेबाने बघण्यासारखं आहे. फुल एचडी चित्रात सुमारे २१ लाख ठिपके असतात, फोर-के चित्रात सुमारे ८३ लाख, म्हणजे चौपट. ५५ इंची टीव्हीची रुंदी साधारण १२२ सेंटिमीटर असते. फुल एचडीत तिच्यावर १,९२० ठिपके ओळीने बसतात, म्हणजे एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरहून थोडा मोठा, ०.६३ मिलिमीटरचा. निरोगी डोळ्याला अंशाच्या साठाव्या भागाइतका फरक ओळखता येतो. हा कोन आणि हा ठिपका जुळतात ते सव्वादोन मीटरच्या जरा आतल्या अंतरावर. त्याहून मागे, म्हणजे सात-साडेसात फुटांपलीकडे सोफा असेल, तर फुल एचडीतले ठिपकेच सुटे दिसत नाहीत. त्यांचे चार तुकडे करून आणखी काय दिसणार? हिशेब ढोबळ आहे हे मान्य. हलत्या चित्रात तिरक्या कडा चमचमतात त्या लांबूनही खुपतात, आणि रंगांची खोली वाढली तर ती ठिपक्यांच्या संख्येशिवायही जाणवते. पण मुद्दा कायम राहतो. शिवाय ही यंत्रं फोर-के चित्र प्रत्येक वेळी पूर्ण काढतातच असं नाही. प्लेस्टेशन ४ प्रो कित्येक खेळांत अर्धेच ठिपके मोजायचा आणि उरलेले अंदाजाने भरायचा; प्लेस्टेशन ५ प्रो तेच काम मशीन लर्निंगने, बरंच सफाईने करतो.

यापेक्षा महत्त्वाची मर्यादा आतली आहे. खेळातलं जग चालवायचं काम मुख्य प्रोसेसरचं: कोण कुठे चाललंय, शत्रू काय ठरवतोय, ढकललेली पेटी कुठे पडेल. चित्र काढायचं काम ग्राफिक्स प्रोसेसरचं. प्लेस्टेशन ४ प्रोमध्ये ग्राफिक्सची ताकद दुपटीहून जास्त झाली, मुख्य प्रोसेसर मात्र जुन्याच जातीचा, फक्त १.६ ऐवजी २.१ गिगाहर्ट्झवर पळवलेला. प्लेस्टेशन ५ प्रोमध्ये तर ३.५ वरून ३.८५, तोही जास्तीच्या वेगाचा पर्याय निवडला तर. त्यामुळे गर्दीने प्रोसेसर दमतो असे खेळ, उदाहरणार्थ २०२४ चा ड्रॅगन्स डॉग्मा २, महाग यंत्रावरही शहरात शिरताच अडखळतात. हे बदलणार तरी कसं? प्रत्येक नवा खेळ साध्या यंत्रावरही चालला पाहिजे अशी अट असते, कारण बहुसंख्य ग्राहक तिथेच आहेत. ती अट मोडली तर काय होतं हे सेगाने १९९४ मध्ये पाहिलं. मेगा ड्राइव्हवर चढवायचा ३२एक्स नावाचा जोड त्यांनी विकला, त्यासाठी वेगळे खेळ काढले, आणि काही महिन्यांतच स्वतःचा सॅटर्न हा पूर्ण नवा कन्सोल अमेरिकेच्या बाजारात आणून त्या जोडाची वाट लावली. खेळ निघाले जेमतेम चाळीस. म्हणजे सुधारित यंत्राला स्वतःचे खेळ दिले तर ग्राहक दुभंगतात, आणि नाही दिले तर फक्त चित्र सुधारतं. मधली वाट अजून तरी कुणाला सापडलेली नाही.

इथे एक आक्षेप रास्त आहे. चित्र सुधारणं म्हणजे फक्त रेखीवपणा नव्हे, वेगही आहेच की. सेकंदाला ३० चित्रं असतील तर प्रत्येक चित्र ३३ मिलिसेकंद टिकतं, ६० असतील तर १७. बटण दाबल्यापासून पात्र हलेपर्यंतचा वेळ त्याने घटतो, आणि हा फरक डोळ्यांपेक्षा बोटांना कळतो. तो खराच आहे. खेळणाऱ्यांनी कौलही तसाच दिला आहे: सर्नी यांनीच त्या सादरीकरणात सांगितलं की सुंदर चित्र की वेगवान चित्र असा पर्याय दिला तर सुमारे तीन चतुर्थांश वेळा लोक वेग निवडतात. म्हणजे लोक आधीच्याच यंत्रावर रेखीवपणाचा त्याग करून खूश होते! प्रो यंत्र त्यांना दोन्ही एकदम देतं, ही सोय आहे. ज्याचा पडदा मोठा, बैठक जवळची आणि खिसा सैल, त्याने ती जरूर घ्यावी. पण वेगाची अडचण दूर करायला नेहमी प्रो यंत्र लागत नाही, हे मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये दाखवलं. जुन्या खेळांचा कोड न बदलता नव्या एक्सबॉक्सवर ते दुप्पट वेगाने चालवायची सोय त्यांनी निवडक खेळांना फुकट दिली. उलट २०१५ च्या ब्लडबोर्नचे चाहते वर्षानुवर्षं सेकंदाला ६० चित्रांची मागणी करत आहेत आणि सोनीच्या महागातल्या महाग यंत्रावरही तो अधिकृतपणे ३० वरच चालतो.

भारतातल्या ग्राहकापुढे हा हिशेब आणखी कडक होतो. साधा प्लेस्टेशन ५ इथे फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आला आणि पुढच्या वर्षी ५४,९९० झाला. प्रो मात्र नोव्हेंबर २०२४ मध्ये जगभर विक्रीला आला तेव्हा भारतात आलाच नाही. त्यातल्या नव्या वायफायला लागणारा ६ गिगाहर्ट्झचा पट्टा तेव्हा आपल्याकडे खुला नव्हता. त्यामुळे मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात बाहेरून आणलेलं यंत्र चढ्या भावाने आणि वॉरंटीच्या भरवशाशिवाय घ्यायचं, एवढाच मार्ग उरला. त्यात डिस्क ड्राइव्ह नसणं इथे जास्त खुपतं. चार-पाच हजारांची नवी डिस्क घ्यायची, खेळ संपला की विकायची आणि त्या पैशांत पुढची जुनी डिस्क घ्यायची, असा आपल्याकडच्या अनेकांचा हिशेब असतो. डाउनलोड केलेला खेळ विकता येत नाही. म्हणजे या सुधारणेने चित्र दिलं आणि फिरता पैसा काढून घेतला.

आता खेळांकडे वळू. इथे दोन प्रकार वेगळे ठेवायला हवेत. जुन्या खेळाचा सांगाडा तोच ठेवून चित्र, आवाज, वेग सुधारला तर तो रिमास्टर. सगळा खेळ नव्याने बांधला तर रिमेक. द लास्ट ऑफ अस २०१३ मध्ये प्लेस्टेशन ३वर आला, त्याचा रिमास्टर वर्षभराने प्लेस्टेशन ४वर, आणि २०२२ मध्ये ७० डॉलरचा रिमेक प्लेस्टेशन ५वर. होरायझन झीरो डॉन २०१७ चा. तो आजही देखणा दिसतो, तरी २०२४ मध्ये त्याचा रिमास्टर निघाला. याउलट अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेली पाहणी सांगते, की २०१० पूर्वी तिथे निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे विकतच मिळत नाहीत. ज्यांना सुधारित आवृत्तीची नड आहे त्यांना ती मिळत नाही, आणि ज्यांचं मूळ यंत्र अजून टीव्हीखाली चालू आहे त्यांना दोनदा मिळते.

हे नुसत्या हावेने घडत नाही. अलीकडच्या खेळाच्या सगळ्या फाइली कंपनीच्या सर्व्हरवर नीट ठेवलेल्या असतात, पात्रांची मूळ प्रतिकृती खेळात दिसते त्याहून बारकाईने केलेली असते, कोड लिहिणारे लोकही बहुधा तिथेच असतात. जुन्या खेळांचं तसं नाही. सायलेंट हिल २ आणि ३ची २०१२ मधली एचडी आवृत्ती काढायची ठरली, तेव्हा कोनामीकडे त्या खेळांचा अंतिम सोर्स कोडच जपलेला नव्हता. अर्धवट कोडवरून काम उरकलं गेलं. मूळ खेळात गावावर दाट धुकं होतं; लांबचं दृश्य त्याने झाकलं जायचं, आणि भीतीही त्याच धुक्यात होती. नव्या आवृत्तीत ते विरळ झालं आणि झाकायचं ते सगळं उघड्यावर आलं. चित्र स्वच्छ केलं की खेळ सुधारतो या समजुतीला याहून मोठा धक्का नसेल. गळकं छप्पर शाकारणं वेगळं आणि भिंतीला रंग देणं वेगळं; इथे तर रंग देताना भिंतच खरवडली गेली.

ग्रँड थेफ्ट ऑटोच्या तीन जुन्या खेळांची नोव्हेंबर २०२१ मधली ‘डेफिनिटिव्ह’ आवृत्ती याच वाटेने गेली. त्यांपैकी सॅन अँड्रियासमध्ये एका डोनटच्या दुकानावर नटबोल्टमधला भलामोठा षट्कोनी नट उभा होता, नावावरचा विनोद म्हणून. खडबडीत आकृत्या गुळगुळीत करायच्या धांदलीत त्याचे सहा कोपरे घासले गेले आणि टायरसारखं काहीतरी गोल उरलं. विनोद कळणारा माणूस त्या आकृतीकडे बघत नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं चुकली, पाऊस डोळ्यांपुढे पांढऱ्या रेघांसारखा पडू लागला, आणि धुरकट हवा काढून टाकल्याने एकेकाळी अफाट वाटणारा प्रदेश डोंगरावरून बघितला तर गल्लीएवढा दिसू लागला. रॉकस्टार या कंपनीने माफी मागितली, पुढे वर्षानुवर्षं दुरुस्त्या केल्या.

कुणी म्हणेल, नको तर घेऊ नका. जुना खेळ कुठे पळून जातोय? हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो, पण डाउनलोडच्या जमान्यात तो टिकत नाही. रॉकस्टारने ती नवी आवृत्ती येण्याआधी जुने तिन्ही खेळ ऑनलाइन दुकानांतून काढून टाकले होते. ओरड झाल्यावर पीसीवरच्या ग्राहकांना ते परत दिले. वॉरक्राफ्ट ३चं जानेवारी २०२० मध्ये याहून वाईट झालं. ‘रीफोर्ज्ड’ आवृत्ती आली तेव्हा जुना खेळ डाउनलोड केलेल्यांच्याही माथी तिचाच अवजड प्रोग्रॅम मारला गेला. काही जुन्या सोयी गायब, जाहीर केलेले काही बदल आलेच नाहीत. ब्लिझार्डला मागेल त्याला पैसे परत द्यावे लागले. नवी आवृत्ती बेतास बात असणं एक वेळ चालेल. जुनी हिरावून घेणारी नवी आवृत्ती मात्र फुकट मिळाली तरी महाग.

दुसरा आक्षेप मला जास्त विचार करायला लावतो. द लास्ट ऑफ असच्या रिमेकची ‘गरज काय होती’ म्हणून थट्टा झाली, आणि चित्रापुरती ती योग्यच होती. वर जुन्यातला ऑनलाइन खेळही गाळला होता. पण त्या रिमेकमध्ये कथेतल्या दृश्यांचं बोलून वर्णन होतं, आवाजाच्या खुणांवरून वाट सापडेल अशी सोय होती, बटणांची मांडणी हवी तशी बदलता येत होती. दृष्टिहीन माणसाला २०१३ चा खेळ जवळपास बंद होता, २०२२ चा खुला झाला. रेखीवपणावर नाकं मुरडणाऱ्यांना, त्यात मीही आलो, ही बाजू दिसत नाही. अडचण कुणाची, हेही विचारावं लागतं. फक्त हा लाभ द्यायला ७० डॉलर लागायलाच हवेत का, हा प्रश्न उरतो. द विचर ३च्या जुन्या ग्राहकांना डिसेंबर २०२२ मध्ये नव्या यंत्रांसाठीची सुधारणा एक पैसा न घेता मिळाली. होरायझनच्या जुन्या ग्राहकांना रिमास्टर १० डॉलरला मिळाला, तेही ठीक. कंट्रोल या खेळाच्या मूळ ग्राहकांना मात्र २०२० मध्ये सुधारणा हवी तर नवी ‘अल्टिमेट’ आवृत्ती विकत घ्या असं सांगण्यात आलं. काम साधारण एकाच जातीचं, दर तीन.

आणि नीट केलेलं काम बघायचं तर एज ऑफ एम्पायर्स २ बघावा. नव्वदीच्या अखेरीपासून आपल्याकडच्या सायबर कॅफेंत आणि घरच्या पीसींवर तो किती खेळला गेला हे सांगायला नको. तो बनवणारी एन्सेम्बल स्टुडिओज २००९ मध्ये बंद झाली. काही चाहत्यांनी मिळून त्यात स्वतःच्या नव्या संस्कृती घालणारी एक हौशी भर तयार केली होती. ती इतकी चांगली निघाली की २०१३ मध्ये अधिकृत झाली, आणि तेच लोक पुढे २०१९ च्या डेफिनिटिव्ह आवृत्तीमागे उभे राहिले. चित्र सुधारलं, पण आधी सुधारल्या त्या खटकणाऱ्या गोष्टी. शेतं दर थोड्या वेळाने स्वतः पुन्हा पेरावी लागत, ती आपोआप पेरली जाऊ लागली. सैन्य एकमेकांत अडकायचं, ते वाट काढू लागलं. २०१३ च्या त्या भरीत सगळा भारत ‘इंडियन्स’ या एकाच नावाखाली होता. २०२२ मध्ये त्याचे हिंदुस्तानी, गुर्जर, बंगाली आणि द्रविड असे चार झाले आणि बाबर, राजेंद्र चोळ व देवपाल यांच्या मोहिमा आल्या. मराठ्यांचा काळ या खेळाच्या चौकटीनंतरचा, त्यामुळे त्यांची वाट बघण्यात अर्थ नाही. १९९९ ची सीडी ज्यांच्या कपाटात आहे त्यांना ती आजच्या विंडोजवर चालवायला बरीच खटपट करावी लागते. ती चाललीच, तर शेतं पुन्हा पेरायचं काम अजून हातानेच.